पुंडलिकबाबांचे तीन टप्पे

आमच्या डिचोलीच्या ऑफिसात पुंडलिकबाब हेल्मेट घालून बसायचे. स्कूटरवर नव्हे, खुर्चीवर! चहासुद्धा हेल्मेटची काच वर करून प्यायचे. ऑफिस चालू ठेवूनच दुरुस्ती काढलेली. आधी वरचा मजला, मग मधला, मग तळमजला. पहिल्याच आठवड्यात छताचा पोपडा त्यांच्या कपात पडला. "चूक एकदा होते. दुसऱ्यांदा झाली तर ती आपली अक्कल," असं म्हणून आमच्या या हेडक्लार्कनी चुकांची वही उघडली.

त्या वहीची आम्ही टिंगल काय कमी केली? पण खरं सांगते, पहिल्या टप्प्यात आमची पुरती शोभा झाली. हरवू नयेत म्हणून सगळ्या चाव्या एका कपाटात ठेवल्या, आणि बेळगावच्या कामगारांनी नेमकं तेच कपाट भिंतीकडे तोंड करून लावलं. पुढ्यात आणखी अकरा कपाटं! महिनाभर साहेब फाइल मागायचे आणि आम्ही देवाचं नाव घ्यायचो.

दुसऱ्या टप्प्यात प्रत्येक चावी आपापल्या कपाटाला सुतळीने बांधलेली. फरशी कापायची ती आम्ही जेवायला गेल्यावरच. त्यासाठी पुंडलिकबाबांनी मुकादमाला रोज अकरा वाजता उंडे पाव आणि पातळ भाजी चारून त्याचं जेवण दोनवर ढकललं.

तिसऱ्या टप्प्याला मात्र घोडं अडलं. तळमजल्यावर लोकांचा काउंटर. साहेब म्हणाले, "पंधरा दिवस बंद ठेवू. पाटी लावा."

"पाटी नाका! नकोच ती!" पुंडलिकबाब चक्क ओरडले. "टेबल व्हरांड्यात घेतो, मी बसतो. एक दिवसही बंद राहता कामा नये."

"अहो, धूळ खाल!"

"खाईन."

साहेबांनी हात टेकले. व्हरांड्यात टेबल आलं, आणि लोकांसाठी चार खुर्च्यासुद्धा. मी चिडवलं, "पुंडलिकबाब, लग्न काढलंत काय?"

ते हसले नाहीत. "गेल्या वर्षी पहिल्या टप्प्यात पुढचं दार बंद केलं, तेव्हा 'मागच्या दाराने यावे' ही पाटी मीच लिहिली. हयातीच्या दाखल्यासाठी आईला मीच बोलावलेलं. स्कूटरला भिते, म्हणून बसने आली. तिला वाचता कुठे येतं? तीनपर्यंत पायरीवर बसली आणि आमोण्याची बस धरून परत गेली. मी वर कपाटं मोजत होतो. घरी गेल्यावर म्हणते, दार बंद म्हणजे तू कामात असशील, हाक कशाला मारू?"

मी जीभ चावली. मला फार वाईट वाटलं.

यंदाच्या दाखल्याला ती बुधवारी आली. नंबर सातवा. पुंडलिकबाबांनी आधीच्या सहाही जणांना रीतसर घेतलं, पण एकाही अर्जावर त्यांचं धड लक्ष नव्हतं. मग सवयीने विचारलं, "नाव?" तिनेही पदर सावरून अख्खं नाव सांगितलं. आम्ही सगळे खो-खो हसलो.

"आये, दार सोदूंक त्रास जालो?" दार शोधायला त्रास झाला का, असं त्यांनी हळूच विचारलं.

"कसलो त्रास, पुता? तूंच दारांत बसला न्हय?"