डब्याची झाकणं आणि मरतुकडे किरण

एक्स-रेची खोली तपासणीत पास झाली. नुसती पास नाही, तर तपासणीच्या मॅडमनी शेऱ्याच्या चौकटीत ‘उत्तम’ लिहून खाली दोन रेघा ओढल्या. पण हे आपण ऐकलंच नाही असं समजू. कारण सकाळी साडेनऊला एक्स-रे काढणाऱ्या ताईला हे कुणी सांगितलं असतं, तर तिनं सांगणाऱ्याच्याच डोक्याचा एक्स-रे काढायला घेतला असता, आणि तोही तिला काढता आला नसता. मशीनमधला पत्रा गायब होता.

पत्रा तळहाताएवढा, ॲल्युमिनियमचा, नळीखालच्या खाचेत सरकवलेला. नळीतून दमदार किरण निघतात तसे मरतुकडेही निघतात. दमदार अंगातून आरपार जाऊन फोटो काढतात. मरतुकडे कातडीतच बसकण मारतात. फोटोला उपयोग शून्य, माणसाला फुकटचा मार. त्यांना दारातच अडवणं हे या पत्र्याचं काम. काल मेकॅनिकनं मशीन उघडलं, पत्रा पुसून खिडकीत ठेवला आणि ‘आलोच चहा घेऊन’ म्हणून गेला तो परस्पर घरी पोचला.

मॅडम अकराला येणार होत्या. पत्र्याशिवाय मशीन दिसलं की खोलीला सील, आणि मग गावच्या मोडक्या हाडांनी बसनं तीन तास हाल सोसत जिल्ह्याच्या दवाखान्यात जायचं.

पहिला नंबर घोटा सुजलेल्या आजोबांचा होता.

“ताई, पत्रा नाही तर नाही. काढून टाका,” आजोबा म्हणाले. “या वयात मला मरतुकडे किरण चालतील. मीही त्यांच्यातलाच.”

“आजोबा, ते आत येतात, काम काही करत नाहीत आणि हलतही नाहीत.”

“म्हणजे आमचे जावई!” आजोबांनी सुजलेला पाय आखडून घेतला. “नको नको. आणा तुमचा पत्रा. मी बसतो.”

पत्र्याचा माग थेट भांडारात लागला. भांडारपाल काकांना सगळे कुलूपकाका म्हणत. दवाखान्यातली प्रत्येक वस्तू नंबराची असावी, हे त्यांचं आयुष्याचं सार. काल संध्याकाळी फेरी मारताना त्यांना खिडकीत बिननंबरी पत्रा दिसला. त्यांनी तो उचलला, बेवारस मालाच्या पेटीत टाकला आणि वर्षअखेरच्या मोजणीसाठी भांडाराला लाखेचं सील ठोकलं.

“काका, तो पत्रा माझा आहे.”

“असेल. पण नोंद कुठंय?”

“तो मशीनचा भाग आहे हो! तुमच्या हाताला नोंद आहे का?”

“हात मी खिडकीत ठेवून जात नाही,” काका शांतपणे म्हणाले. “सील मोठ्या डॉक्टरांच्या सहीशिवाय फुटत नाही. आणि मोठे डॉक्टर सोमवारपर्यंत मेहुणीच्या लग्नात.”

ताईनं कपाळावर हात मारला आणि दवाखानाभर हाक दिली: ॲल्युमिनियम आणा! दहा मिनिटांत टेबलावर अकरा डबे जमा झाले. सगळे स्टीलचे.

“स्टील नको,” ताई म्हणाली.

“नको?” सिस्टरबाईंना राग आला. “लग्नातला डबा आहे माझा. ॲल्युमिनियमपेक्षा चौपट भारी!”

“म्हणूनच नको. हा मरतुकड्यांबरोबर दमदारांनाही अडवेल. फोटो कोरा येईल.”

सिस्टरबाई डबा छातीशी धरून फणकाऱ्यानं निघून गेल्या. फार्मसीवाल्यानं कुकरचं झाकण आणलं. ते शिट्टीसकट होतं. मग झाडूवाल्या मावशींनी आवाज खाली आणून बातमी दिली, की ॲल्युमिनियमचा डबा दवाखान्यात एकच आहे. कुलूपकाकांचा. चौकोनी, दोन कप्प्यांचा, वर सरकती सपाट झाकणं.

“वडिलांनी स्वतः ठोकून केलेला डबा आहे,” काका म्हणाले. “वीस वर्षांत कुणाला हात लावू दिला नाही.”

वाद घालण्यात अर्थ नव्हता. ताईनं टेबलावरून कोरा मागणी-अर्ज ओढला आणि लिहिलं: झाकणं, नग दोन, परतीच्या बोलीवर. खाली सही, तारीख, वेळ. मग न सांगता दुसरी प्रत केली. मग तिसरी.

काकांनी आजवर लोकांच्या मागे लागून प्रती मिळवल्या होत्या. आपणहून केलेली तिसरी प्रत त्यांनी पहिल्यांदाच पाहिली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि झाकणं सरकवून बाहेर काढली.

ताईनं जाडी मोजली. दोन्ही मिळून अडीच मिलीमीटर. गेलेला पत्रा दोनचा होता. खाचेत झाकणं अशी बसली, जणू वडिलांनी डबा नव्हे, एक्स-रेच ठोकायला घेतला होता.

मॅडम अकराला आल्या. ताईनं खोटं बोलायचं मनातल्या मनात तीनदा ठरवलं आणि तोंड उघडताच खरं बोलून गेली.

“मॅडम, ती डब्याची झाकणं आहेत.”

बाकावर आजोबांनी डोळे मिटले. मॅडमनी टेबलावर किरण मोजायचा मीटर ठेवला, सगळ्यांना काचेमागे घेतलं आणि बटण दाबलं. आकडा पाहिला. पुन्हा दाबलं. पुन्हा पाहिला.

“किरणांना डबा कळत नाही,” त्या म्हणाल्या, “जाडी कळते. गेल्या वेळेपेक्षा आकडा चांगला आलाय. आणि पत्रा मिळेपर्यंत पेशंट आत घेतला नाहीत, हे फार कमी ठिकाणी दिसतं.”

मग ते ‘उत्तम’ आणि त्या दोन रेघा. आजोबांचा फोटो लख्ख निघाला. हाड शाबूत, नुसती मुरगळ. बाकावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. सिस्टरबाईही स्टीलचा डबा बाजूला ठेवून वाजवायला लागल्या. ताईला वाटलं, आता आपण हवेत चालतोय.

“हा फिल्टर मोजून मंजूर झालाय,” मॅडमनी खाचेवर तारेचं सील दाबत सांगितलं. “आता दोन वर्षं याला हात लावायचा नाही.”

टाळ्यांत एक जोडी हात मध्येच थांबले.

जेवणाच्या सुट्टीनंतर मॅडमच्या कार्यालयाकडे एक अर्ज रवाना झाला, तीन प्रतींत: ‘विषय: मंजूर फिल्टर दैनंदिन तात्पुरता मुक्त करणेबाबत. महोदया, खाली सही करणार भांडारपाल विनंतीपूर्वक कळवतो, की अर्जदाराच्या जेवणावर माश्या बसत आहेत. तरी उपरोक्त फिल्टर, नग दोन, रोज दुपारी एक ते दीड या वेळेत अर्जदाराच्या डब्यावर बसवण्यास परवानगी मिळावी, व सदर अर्ध्या तासात कुणाचेही हाड मोडू नये असे आदेश संबंधितांना व्हावेत.’