मिस्टर टुमींचं नसलेलं घर

आधीच कबूल करून टाकते. वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, डब्लिनमधल्या एका बागेत, कुत्री फिरवायला आलेल्या माणसांदेखत मी नेसत्या साडीनिशी गवतावर गडाबडा लोळले आहे.

झालं असं, की दोन हजार वीसच्या फेब्रुवारीत मी तीन महिन्यांसाठी म्हणून मुलाकडे, सौरभकडे, डब्लिनच्या सँट्री उपनगरात आले आणि मार्चमध्ये विमानंच बंद पडली. फ्लॅटमध्ये एका खोलीत सौरभचं ऑफिस, दुसरीत सूनबाईचं, म्हणजे केतकीचं, आणि मधे मी, कुकरची शिट्टी कशी दाबावी या विवंचनेत. पुढे घराच्या आसपास फिरायची मुभा मिळाली, तशी मी डबा घेऊन जवळच्या जुन्या बागेत जायला लागले. हिरवळीत एक छानसा खळगा दिसला. त्यात सतरंजी टाकली, थालीपिठाचा पहिला घास घेतला, आणि लांबून एक म्हातारा टोपी हलवत ओरडत आला, "मिसेस! उठा! तुम्ही आगीत बसलाय!"

माझा उभा जन्म शाळेत शिकवण्यात गेला. अंगाला आग लागली तर पळू नका, जमिनीवर लोळा, हे दरवर्षी मुलांकडून घोकून घेतलेलं. मी लोळले. डबा एकीकडे, मी दुसरीकडे, पदर तिसरीकडे.

म्हातारा नियमाप्रमाणे दोन मीटरवर थांबला. माझं लोळणं पुरतं होईपर्यंत अदबीनं उभा राहिला. मग म्हणाला, "जेवणघराची फायरप्लेस आहे ती. लॉर्डसाहेब हिवाळाभर विझू देत नाहीत."

मी वळून पाहिलं. ना लॉर्ड, ना जेवणघर. लांबवर चार दगडी पायऱ्या तेवढ्या होत्या, आणि त्या चढून वर गेलं की पुन्हा गवतच.

हे मिस्टर फिन्टन टुमी. वय ऐंशीच्या घरात, कोपरांना चामड्याची ठिगळं लावलेला कोट, आणि डोक्यावर टोपी. टोपी फक्त बाहेर. त्या चार पायऱ्या चढल्या की टोपी हातात, बूट अदृश्य पायपुसण्यावर दोनदा घासायचे, आणि मग आत. 'आत' म्हणजे त्याच मैदानात. इंग्रजी सरदाराची मोठी हवेली तिथे कधी काळी होती, ती पाडून साठाहून जास्त वर्षं झाली होती. पण ही बातमी टुमींपर्यंत पोचली नसावी.

त्यांचं इंग्रजी कळायला मला पहिले तीन आठवडे लागले. माझं आडनाव उच्चारायला त्यांना त्याहून जास्त लागले असते, म्हणून पेंढारकरबाईंची त्यांनी 'मिसेस पी' करून टाकली. मग रोज अकराच्या सुमाराला आमची फेरी सुरू झाली. भिंतीतून कुणी जॉगिंग करत गेलं, की टुमी हळहळायचे, "दार तिकडे आहे हो!" कुणाचा कुत्रा झाडाशी पाय वर करायला लागला, की, "लायब्ररीत नको!" मी जरा मोठ्यानं हसले, तर ओठांवर बोट, "घरात आहोत आपण, मिसेस पी." एकदा सरसरून पाऊस आला. मी छत्री उघडली. ते म्हणाले, "चला, आत जाऊ." आणि पायऱ्या चढून, टोपी काढून, उघड्या मैदानात भिजत उभे राहिले. म्हणाले, "हां, आता कसं ग्रँड."

इकडे चांगलं, बरं, चालेल, काही हरकत नाही, सगळ्याला मिळून 'ग्रँड' म्हणतात.

घर नसलं तरी त्याला इतिहास मात्र भरपूर होता, आणि टुमी तो एकाच दमात जगायचे. नाचघर दाखवताना सांगायचे, "इथे लॉर्डसाहेबांच्या मेजवान्या. मग पहिल्या महायुद्धातल्या जखमी सोल्जरांच्या खाटा. मग नन्सनी शाळा काढली, तेव्हा इथे मुलींचं गणित. मग हॉटेल झालं, लग्नं लागायला लागली. शेवटी शेवटी तर बटाटे पसरलेले असायचे. छपराच्या घरावर कर बसायचा, म्हणून मालकानं छप्परच उतरवलं आणि मग सगळंच गेलं." हे सांगताना कधी खाटेला पाय लागू नये म्हणून वळसा घालायचे, कधी गणिताचा तास चालू आहे म्हणून कुजबुजायचे.

मी म्हटलं, "यात काय विशेष? ठाण्याला आमची एकच खोली होती. सकाळी स्वयंपाकघर, दुपारी माझ्या शिकवण्या, संध्याकाळी ह्यांच्या मित्रांचा पत्त्यांचा क्लब आणि रात्री सहा माणसांचं शयनगृह. तुमच्या हवेलीला हे जमायला दीडशे वर्षं लागली. आम्ही रोज करायचो."

टुमी गंभीरपणे म्हणाले, "आणि फायरप्लेस?"

"रॉकेलचा स्टोव्ह."

"ग्रँड," ते म्हणाले, आणि खरंच प्रभावित झाले.

माझ्यासारखीला हवेलीचं वेड लागावं यात नवल नव्हतं. बाविसाव्या वर्षी मी वडिलांना ठणकावून सांगितलं होतं, बंगला असेल तरच मुलगा बघायला येईन. काय तो तोरा! नाक चाफेकळी नाही, डोळ्यांना जाड भिंगांचा चष्मा, आणि म्हणे बंगला. पेंढारकरांनी बघायच्या कार्यक्रमातच सांगितलं, "बंगलाच आहे आमचा. फक्त बाकीच्या खोल्यांमध्ये दुसरी बिऱ्हाडं राहतात." मी मठ्ठासारखी खूश झाले. चाळीत पाऊल टाकल्यावर कळलं. पण तोवर हसू इतकं आलं होतं की रागावायचं राहूनच गेलं.

घरी मात्र सौरभला काळजी. "आई, तो माणूस जरा हा आहे. तू त्याच्या नादी लागू नकोस."

"अरे, मीही जरा हीच आहे."

"मी एकदा सर्च करून बघतो, तो सांगतो त्यातलं खरं किती ते."

"खबरदार!" मी म्हटलं. कारण तोवर मला थोडं कळलं होतं. टुमींची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी ऑस्ट्रेलियात, आणि त्या साथीच्या वर्षात दिवसभरात बोलायला मी आणि दुधाच्या दुकानातली पोरगी. बाकी त्यांच्यापाशी होतं ते हे एक घर. त्यात ते ऐटीत वावरायचे. मला एकच धास्ती असायची, की कुणीतरी जाणकार उगवेल, चारचौघांत म्हणेल 'असं नव्हतंच', आणि या माणसाचं घर दुसऱ्यांदा पाडेल.

एकवीसच्या वसंतात केतकीला मुलगी झाली. बारसं बाराव्या दिवशी काही जमलं नाही. जूनमध्ये उघड्यावर थोडी माणसं जमवायला परवानगी होती, तेव्हा मी टुमींना विचारलं, "तुमच्या नाचघरात बारसं करू का?"

ते टोपी घेऊन तसेच पायऱ्या उतरून गेले. मला वाटलं, यांना दुखावलं. दोन दिवस बागेत दिसलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी टाय लावून आले. "मिसेस पी, अडचण आहे. बाळांची खोली वरच्या मजल्यावर."

"मग?"

"मग पाळणा वर टांगावा लागेल. जमिनीपासून साधारण पंधरा फूट."

केतकी पोरीला छातीशी घट्ट धरून म्हणाली, "अहो आई, नो वे!"

बराच खल झाला. अखेर टुमींनीच तोड काढली, की हॉटेलच्या काळात नामकरणाच्या पार्ट्या खालीच व्हायच्या, तेव्हा त्या काळातलं बारसं करावं. बाळ जमिनीवर राहिलं.

दिवस लख्ख उजाडला. ऑनलाइन मागवलेला घडीचा पाळणा, त्याला झेंडूची कागदी फुलं, पातेलंभर घुगऱ्या. ब्लँचर्डस्टाउनहून सौरभचे मित्र आले, सगळे पुण्या-नागपूरचे इंजिनिअर. ते सरळ गवतातून यायला लागले, तर टुमींनी त्यांना परत पाठवून पायऱ्यांवरून आणलं. आत्या पुण्यात अडकलेली, म्हणून फोनच बाळाच्या कानाला लावला. आत्यानं नाव कुजबुजायच्या ऐवजी किंचाळून सांगितलं. बाळ दचकून रडलं आणि अख्ख्या मैदानाला कळलं, की ती ईरा.

मग टुमी पाहुण्यांना घर दाखवायला निघाले. इंजिनिअर मंडळी घुगऱ्यांचे द्रोण हातात धरून, हसू दाबत मागून चालली होती. "आणि हा मोठा जिना. आत आलं की उजवीकडे. ओकचं लाकूड."

"डावीकडे," मागून कुणीतरी म्हणालं.

वॉकर ढकलत एक म्हाताऱ्या बाई पाळणा बघायला थांबल्या होत्या. पांढरे केस, लाल लिपस्टिक, आवाज खणखणीत. "मी ब्रीडा. नन्सच्या शाळेत होते इथे. पाच वर्षं. जिना डावीकडे होता. शिक्षा म्हणून घासलाय मी तो. पायरीन् पायरी!"

टुमींच्या हातातली टोपी हलायची थांबली. त्यांनी उजवीकडे पाहिलं, मग डावीकडे. ऐंशी वर्षांचा माणूस एकाएकी इतका लहान दिसायला लागला, की मला बघवेना. सौरभचा एक मित्र खुदकन हसला. दुसऱ्यानं खिशातून फोन काढला, आता काढतोच शोधून, अशा आवेशात.

मी पुढे झाले. काय बोलणार आहे ते मलाही ठाऊक नव्हतं.

"नाही हो ब्रीडाबाई," मी म्हटलं, "उजवीकडेच आहे. मी आत्ताच वर जाऊन आले. बाळाचं दुपटं राहिलं होतं वरच्या खोलीत."

आणि पुरावा म्हणून दुपटं हलवून दाखवलं.

ब्रीडाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग टुमींकडे पाहिलं, चांगलं निरखून. मग त्यांच्या लाल ओठांना एक मिश्कील मुरड पडली. "असं होय," त्या म्हणाल्या. "मग माझ्यानंतर हलवला असेल. नन्सचा काही नेम नाही." आणि वॉकर वळवून त्या जिन्याला वळसा घालून, अगदी उजव्या बाजूच्या जिन्याला वळसा घालून, घुगऱ्या घ्यायला गेल्या.

त्यावर जे हसू फुटलं, त्यात कुणी कुणाला हसत नव्हतं. फोन खिशात गेला. सौरभनं स्वतः टुमींना द्रोण भरून दिला आणि विचारलं, "जिन्यावरून पुढे काय लागतं?" टुमी सांगत राहिले. लोक वर माना करून बघत राहिले.

संध्याकाळी आवराआवर झाली. पोरांनी पाळणा गाडीत घातला. मी सतरंजी झटकत होते, तर टुमी दुसऱ्या टोकाला धरायला आले. आम्ही दोघांनी मिळून घडी घातली. माझ्या हातात ती देताना ते हळूच म्हणाले,

"ब्रीडा म्हणते तेच खरं असणार, मिसेस पी. मला काय माहीत? मी बापाबरोबर भाजीची टोपली घेऊन मागच्या दारापर्यंत यायचो. आत या असं कधी कुणी म्हटलं नाही. पण आता तुम्ही वर जाऊन आलात ना, मग जिना उजवीकडेच राहू दे."