बिसेन गुरुजींचं रोम

कोणाचं साक्षगंध असो की कोणाच्या बैलाचं आजारपण, आमचे बिसेन गुरुजी तिसऱ्या वाक्याला रोमला पोचतात. स्वतः आमगावच्या पुढे फारसे गेलेले नाहीत, पण रोमच्या सभेत कोण कुठे बसायचं ते तोंडपाठ.

इतिहास शिकवून रिटायर झाले, पण एक प्रश्न काही सुटला नाही. "शेकडो वर्षं राजा नको म्हणणारे लोक, बाबू. मंग बादशहा काऊन होऊ देला?"

"तलवारीच्या धाकानं," मी म्हणालो.

"धाक होताच. पण सभा भरत होती, निवडणुका होत होत्या. थो गडी स्वतःले राजा म्हनतच नोहता. एकेक पद त्याच्याकडेच राहत गेलं. परत कोनीच कसं मांगलं नाही?"

मला काय ठाऊक! पण तो प्रश्न माझ्याही डोक्यात शिरला, त्याचा राग वेगळाच.

या रोमच्या धसक्यानं त्यांनी तलावाच्या कमिटीत नियम करून घेतला. धानाला पाणी सोडायच्या गेटची चाबी दरवर्षी नव्या घरी. एका वर्षी चाबी अध्यक्षाच्या घरी होती, त्यानं ती द्यायला आठ दिवस उशीर केला, तर गुरुजी त्याच्या ओसरीत ठाण मांडून बसले. "बादशहा, चाबी." गाव पोट धरून हसलं.

मग चाबी गुरुजींकडे आली. त्याच वर्षी त्यांची बायको वारली, घरात ते एकटेच उरले. त्यांचं वर्ष सरलं, चाबी तिथंच. पुढची दोन वर्षंही सरली. तिसऱ्या वर्षी पाळी माझी होती. मी तणतणत गेलो. "गुरुजी, रोम तर इथंच होऊन राहिलं. चाबी द्या."

ते हसले नाहीत. "बस, चहा मांडतो." मग स्टोव्हकडे बघतच म्हणाले, "पानी सोडाले चाबी मांगाले रोज कोनी ना कोनी येते. बसते, दोन गोष्टी बोलते. चाबी गेली का इथं कोन येईल, सांग बरं."

तेव्हा मला कळलं, पाळी येऊनही दोन वर्षं कोणी चाबी आपल्या घरी का नेली नाही. सगळ्यांना हे ठाऊक होतं, एक मीच शहाणा निघालो. फार लाज वाटली.

गुरुजींनी चाबी काढून माझ्या हातात ठेवली. "ने. नियम मीच केला." नाही म्हटलं असतं तर त्यांना ते लागलं असतं. मी घेतली.

आता चाबीसाठी कोणी आलं की मी म्हणतो, "अरे, ती गुरुजींकडेच राहिली वाटते, चल." आणि आम्ही दोघं त्यांच्याकडे जाऊन तासभर बसतो. चाबी माझ्या खिशातच असते. गुरुजींना ते माहीत आहे. आम्ही दिसलो की ते आणखी दोघांच्या चहाचं आधण ठेवतात.