वडाखालचा गुन्हा

सांतोने ठरवलं होतं एवढंच, की रविवारी बायकोला घेऊन बिनगायच्या धबधब्यावर जायचं. दोघांनीच. सोमवारच्या बोटीने दिविना हाँगकाँगला निघणार होती, कुणाच्या तरी घरी कुणाची तरी पोरं सांभाळायला, दोन वर्षांसाठी. तिला ‘जाऊ नकोस’ म्हणून सांगायचं तर घरात सोय नव्हती. त्या दोन खोल्यांत सासूबाई, मुलगी, मेव्हणा बेबोट आणि बेबोटचा झुंजीचा कोंबडा एवढी मंडळी राहत होती, आणि सांतोने तोंड उघडलं की त्यातलं कुणी ना कुणी मध्ये बोलायचंच. बहुतेक वेळा कोंबडा.

शनिवारी तो बाजारातून तांदूळ आणि सुकी मासळी घेऊन येत होता, तेवढ्यात बेबोट आडवा आला.

“भावोजी, एवढं सामान कुठे?”

“उद्या धबधब्यावर. चल की तूही.”

आता असं म्हणायचंच असतं. त्यांच्या या कामिगिन बेटावर जेवताना, निघताना, समोर माणूस दिसला की ‘या की’ म्हणायचं, आणि समोरच्याने ‘नको, तुम्ही व्हा पुढे’ म्हणायचं. विषय संपला. सांतोने जन्मात शेकडो माणसांना असं जेवायला बोलावलं होतं आणि कुणाच्या ताटात एक शीत पडलं नव्हतं. (पडलं असतं, तर सांतोसारख्या पाणी कचेरीतल्या कारकुनाचं केव्हाच दिवाळं वाजलं असतं.)

“चालेल की,” बेबोट म्हणाला. “किती वाजता निघायचं?”

सांतोच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण बोलणार काय? बोलावलं तर त्यानेच होतं. घरी आला तर सासूबाई दारात बसून नारळाच्या झावळीच्या पुड्या विणत होत्या, भात शिजवायला. “बेबोट म्हणाला तू बोलावलंस. माझे गुडघे दुखतात, पण तुझा आग्रह मोडवत नाही.” संध्याकाळी वाडीचा कॅप्टन, म्हणजे निवडून आलेला कारभारी तेओफिलो, कुंपणापाशी थांबला. सांतोने दात-ओठ खात, अगदी पुटपुटल्यासारखं ‘या की’ म्हटलं. कॅप्टनला ते स्वच्छ ऐकू गेलं.

“येतो. गाण्याचं मशीनही आणतो. बॅटरीवर चालतं.”

रविवारी सकाळची प्रार्थना आटोपून चर्चसमोर जीप उभी राहिली, तेव्हा तिच्यात अर्धी वाडी भरलेली होती. टपावर भाजलेलं डुक्कर, डुकराशेजारी बेबोट, आणि कॅप्टनच्या मांडीवर ते मशीन. सांतोला जागा उरली ती मागच्या पायरीवर, लोंबकळत. दिविना आत बायकांच्या घोळक्यात बसून खिदळत होती. याचा त्याला सगळ्यात जास्त राग आला. उद्या जायची आहे आणि ही हसतेय.

रस्ता संपला तिथून रानातली चढण सुरू झाली. डुक्कर बांबूवर लटकवून चौघांनी उचललं, मशीन कॅप्टनने कुणाच्याही हाती दिलं नाही. सांतोने चपलेचा पट्टा तुटल्याचं नाटक केलं आणि दिविनाचा हात धरून मागे राहिला. मंडळी वळणाआड गेली तसा तो म्हणाला, “चल. जुनी वाट आहे इकडून. वरच्या डोहापाशी निघते. तिथे कुणी येत नाही.”

“तुला आठवते?”

“मी इथेच वाढलो, दिविना.”

वाटेत एक म्हातारा वड लागला. सांतो रागाने असा धुमसत होता, की त्या वडाच्या आडोशाला गेला, मोकळा झाला आणि काही न बोलता पुढे निघाला. मग ते चालले. खूप चालले. ओढा ओलांडला, वेत तुडवले, आणि समोर पुन्हा तोच वड आला. दुसरी वाट धरली. पुन्हा वडच. सांतोने वडालाही एक शिवी हासडली.

दिविना थांबली. “खरं सांग. तू मघाशी या झाडाखाली गेलास ना? परवानगी मागितलीस?”

“कसली परवानगी?”

“‘बाजूला व्हा, वडीलमंडळी’ म्हणालास का?”

तो म्हणाला नव्हता. वडाखाली कोण राहतं ते शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. ती माणसं नसतात, दिसत नाहीत, आणि त्यांच्या डोक्यावर कुणी असं न सांगता पाणी सोडलं तर ती त्याला रानात गरागरा फिरवतात.

“कपडे उलटे कर,” दिविना म्हणाली. चकव्याला दुसरा उतारा नाही, हे तिला आईच्या मांडीवरून माहीत होतं.

सांतोने तणतणत शर्ट काढला, उलटा करून घातला. कॅप्टनने निवडणुकीत वाटलेला शर्ट तो. निदान कॅप्टनचा चेहरा आत गेला, एवढंच समाधान.

“पँटही.”

“पँट कशाला?”

“गुन्हा शर्टाने केलाय का?”

सांतो पँट उलटी करून उभा राहिला, दोन्ही खिसे कानांसारखे बाहेर लोंबत. मग दिविना म्हणाली, “आता तिकडे तोंड कर, मला ब्लाऊज उलटा करायचाय.” लग्नाला एवढी वर्षं झाली, मुलगी कॉलेजात गेली, आणि ही म्हणते तिकडे तोंड कर. त्याने केलं. झाडाच्या सालीकडे बघता बघता त्याचा संयम सुटला.

“एक दिवस मागितला होता मी,” तो सालीला म्हणाला. “एक. त्यातही वाटेकरी. तो बेबोट. ‘नको’ म्हणायला याची जीभ झडली होती का?”

“त्याला मीच सांगितलं होतं, हो म्हण म्हणून.”

सांतो गर्रकन वळला.

“आईलाही. कॅप्टनलाही,” ती बटणं लावत म्हणाली. “तू मला एकटीला गाठून काय बोलणार ते मला ठाऊक नव्हतं होय? तू म्हणणार जाऊ नकोस. मग तू रडणार. तू रडलास की माझा पाय निघायचा नाही. आणि मी गेले नाही तर पोरीची नर्सिंगची फी तुझी पाणी कचेरी भरणार आहे?”

“मी रडणार नव्हतो,” सांतो म्हणाला, आणि रडायला लागला. त्याला त्याचाही संताप आला. शर्टाला डोळे पुसावे तर उलट्या शिवणी टोचत होत्या. दिविना त्याच्यावर ओरडली, “बघ, बघ, हेच म्हणत होते मी,” आणि मग त्याच्या खांद्यावर डोकं टाकून तीही रडली. दोघं वडाच्या मुळीवर बसून होते, किती वेळ कोण जाणे. ‘जाऊ नकोस’ काही त्याच्याच्याने म्हणवलं नाही. “तिकडे थंडी असते म्हणतात, स्वेटर घे,” एवढंच तो म्हणाला.

तेवढ्यात झाडीपलीकडून एक भयंकर आवाज आला. कॅप्टन प्रेमगीत गात होता. धबधबा हाकेवर होता.

झुडपं बाजूला सारत दोघं डोहापाशी उतरले आणि गाणं मध्येच थांबलं. डुकराची हाडं उरली होती. सगळी वाडी त्यांच्याकडे बघत होती: केसांत पाला, लाल डोळे, अंगावरचा प्रत्येक कपडा उलटा.

“वाट चुकलो,” सांतो म्हणाला.

कुणीतरी फिसकन हसलं. या बेटावर रानातून उशिरा परतलेल्या प्रत्येक जोडप्याने आजवर हेच सांगितलेलं आहे.

“चुकणारच, भावोजी,” बेबोट म्हणाला. “बोट उद्याची ना.”

“खरंच चकवा लागला. वडाखाली मी...”

“वडाखाली,” कॅप्टन माईकवरून म्हणाला. सगळं रान घुमलं. बायका हसू लपवायच्या भानगडीत पडल्या नाहीत. सांतो जितका चिडून सांगे तितके ते जास्त हसत. दिविना तर पाण्यात बसून पोट धरून हसत होती, आणि खुलासा म्हणून एक शब्द बोलत नव्हती.

सोमवारी धक्क्यावर अख्खी वाडी आली. (कुणाला बोलवावं लागलं नाही.) बोट सुटली. दिविना कठड्याशी येऊन उभी राहिली, तेव्हा सांतोला दिसलं, तिने ब्लाऊज उलटा घातला होता. शिवणी बाहेर. घरची वाट चुकू नये म्हणून.

ब्लाऊज वाडीनेही पाहिला. बेबोटने भावोजींच्या पाठीवर थाप मारली, कॅप्टनने टोपी काढली. पाणी कचेरीतल्या कारकुनाकडे कुणी इतक्या आदराने आजवर बघितलं नव्हतं. आता नाही म्हणण्यात काय अर्थ आहे, असा विचार करून सांतोने पहिल्यांदाच काही खुलासा केला नाही. उलट छाती जरा पुढे काढली.

सासूबाई शेजारी उभ्या होत्या. बोटीकडे हात हलवत त्या हळूच म्हणाल्या, “छाती आत घे. बाकीच्यांना काय वाटायचं ते वाटू दे. मला माझा जावई ठाऊक आहे. तुम्ही दोघं वाटच चुकला होतात.”