दाब नेमका कुठे द्यायचा?

इन्स्पेक्टरच्या वर्गबाईंना इंजेक्शनचं पेन वापरायला आपणच शिकवायचं, असं हेडक्लार्कनी मंगळवारी सकाळी दाढी करता करता ठरवलं. आरशातल्या हेडक्लार्ककडे त्यांनी एकदा बघून घेतलं, त्यालाही ते पटलेलं दिसलं, आणि ठराव एकमताने मंजूर झाला.

इन्स्पेक्टर म्हणजे त्यांची मुलगी. वय वर्षं दहा. घरात कुठलंही पाकीट आलं की ती ते आधी उलटं करते, मागचा बारीक मजकूर शेवटच्या स्वल्पविरामापर्यंत वाचते आणि मगच माल आत सोडते, म्हणून हे नाव. तिला शेंगदाण्यांची ॲलर्जी आहे. साधीसुधी नाही, अर्धा दाणा पोटात गेला तरी श्वास अडकेल अशी. त्यामुळे तिच्या कमरेच्या लाल पाऊचमध्ये कायम दोन पेनं असतात. ही लिहायची पेनं नव्हेत. त्यांच्यात औषध असतं आणि स्प्रिंग लावलेली सुई. एका टोकाला निळं टोपण, दुसऱ्या टोकाला केशरी बोंड. वेळ आलीच तर टोपण काढायचं, केशरी टोक मांडीवर दाबायचं, टक् आवाज येतो, औषध आत जातं आणि दवाखाना गाठायला अवधी मिळतो. सोबत सरावासाठी तिसरं एक पेन असतं. दिसायला हुबेहूब तसंच, फक्त सुई नाही.

ही ॲलर्जी पहिल्यांदा ओळखली ती बायकोने. हेडक्लार्कनी ओळखले होते ते डास. इन्स्पेक्टर तीन वर्षांची असताना कुणीतरी दिलेलं बिस्किट तिने खाल्लं, ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, आणि हेडक्लार्क ठामपणे म्हणाले, "डास! दुसरं काही नाही." बायको पोरीला उचलून तशीच अनवाणी डॉक्टरकडे धावली. इकडे हेडक्लार्कनी डासांबद्दल तक्रार अर्ज लिहायला घेतला. (त्याला पुढे तीन स्मरणपत्रंही पाठवली. महिन्याभराने धुराची गाडी आली तेव्हा 'बघ, अर्ज पोचला' असं ते अभिमानाने म्हणाले. तोवर पोरगी दाणे सोडून सगळं खाऊ लागली होती.)

गेल्या वर्षी वर्गाचं शिबिर तळ्याकाठी गेलं, तेव्हा इन्स्पेक्टर गेली नाही. पेन देता येईल असं मोठं माणूस बरोबर नव्हतं. बस सुटताना तिने फाटकापाशी उभं राहून सगळ्यांना हात केला, घरी आली आणि दिवसभर जुन्या पाकिटांच्या मागचं वाचत बसली. यंदा नवीन वर्गबाई आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मला कुणीतरी नीट शिकवा. जमलं तर मी तिला नेते. नाही जमलं तर मला ही जबाबदारी घेता येणार नाही." शिकवणी गुरुवारी होती, बस शनिवारी सुटणार होती.

"मी जाते की," बायको म्हणाली. ती चष्म्याच्या दुकानात काम करते, त्यामुळे समोरच्याला काय दिसत नाहीये ते तिला चटकन कळतं. "डॉक्टरांनी मला शिकवलंय. तुम्ही तेव्हा खाली गाडी लावायला जागा शोधत होतात."

"माहितीपत्रक घरी आणून फाइल कोणी केलं?"

"वाचलंत का?"

"अगं, फाइल केलं म्हणजे..." हेडक्लार्कनी वाक्य अर्ध्यावर सोडलं आणि दुसरं उचललं. "चोवीस वर्षं माझ्या हातात पेन आहे. पेनाचं तू मला सांगू नकोस."

बायको कुणाला तरी फोन करायला आत गेली.

त्या रात्रीपर्यंत परिपत्रक तयार झालं. विषय, संदर्भ, आणि खाली बारा मुद्दे. त्यातला सातवा मुद्दा हा सगळ्याचा कणा होता: 'योग्य त्या टोकावर योग्य तो दाब द्यावा.' अशा वाक्यावर आजवर कुठल्याही वरिष्ठाने आक्षेप घेतलेला नाही, म्हणून हेडक्लार्कना ते विशेष आवडलं. मग त्यांनी पेनं ठेवायच्या प्लास्टिकच्या नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. दोन नळ्यांवर 'मूळ प्रत' आणि सरावाच्या नळीवर 'नक्कल'.

पुढचा अख्खा दिवस नक्कल त्यांच्या हातात होती. जेवताना, बातम्या बघताना, फोनवर बोलताना. मुठीत पेन, केशरी बोंडावर अंगठा, टक्. टक्. टक्. ऑफिसातलं बॉलपेन ते असंच वाजवतात, त्याशिवाय त्यांना विचार सुचत नाही.

"बाबा, तू ते उलटं धरलंयस."

"मी धरलेलं नाही, मी विचार करतोय."

"टोपण वर, टोक मांडीवर," इन्स्पेक्टर म्हणाली. "अंगठा कुठेच नाही. नुसती मूठ."

"हो गं हो. सातव्या मुद्द्यात आलंय ते सगळं."

बुधवारी संध्याकाळी त्यांनी तिन्ही पेनं नळ्यांतून काढून मऊ फडक्याने पुसली आणि परत जागच्या जागी ठेवली. निदान त्यांचा समज तसा होता.

गुरुवारी अकरा वाजता ते शाळेच्या स्टाफरूममध्ये उभे राहिले. टेबलावर खडूंचे खोके, गुंडाळलेले नकाशे आणि गार झालेला चहा होता. समोर वर्गबाई वही उघडून बसल्या होत्या. गळ्यात शिट्टी अडकवलेले पीटीचे सरही शिबिराला जाणार म्हणून हजर होते. इन्स्पेक्टरला वर्गातून बोलावून कोपऱ्यातल्या स्टुलावर बसवलं होतं. हेडक्लार्कनी परिपत्रक वाचायला घेतलं. चौथ्या मुद्द्यापर्यंत अजून संदर्भच चालू होते. पीटीच्या सरांनी एक जांभई शिट्टीमागे लपवली. शेवटी हेडक्लार्कनी 'नक्कल' लिहिलेली नळी उघडली आणि आतलं पेन सगळ्यांना दिसेल असं वर धरलं.

"हे सरावाचं. यात सुई नाही. घाबरायचं काहीएक कारण नाही."

"बाबा, पेनावर काय छापलंय ते बघ एकदा," स्टुलावरून आवाज आला.

"नळीवर मी स्वतः चिठ्ठी लावलीय," हेडक्लार्क म्हणाले आणि त्यांनी टोपण काढलं. "तर, मुद्दा सातवा. योग्य त्या टोकावर योग्य तो दाब द्यावा."

"योग्य टोक म्हणजे कुठलं?" बाईंनी पेन्सिल थांबवून विचारलं. "दाब नेमका कुठे द्यायचा?"

"इथे!" हेडक्लार्क म्हणाले, आणि चोवीस वर्षांच्या सवयीने त्यांनी केशरी बोंडावर अंगठा दाबला.

टक्.

आवाज नेहमीपेक्षा जरा भारदस्त आला. हेडक्लार्क हसले. त्यांनी पेन टेबलावर ठेवायला हात नेला, तर ते अंगठ्यातून सुटेना. त्यांनी ओढून काढलं. मग सगळेच त्यांच्या अंगठ्याकडे बघू लागले. अंगठा आधी गुलाबी होता, मग फिकट झाला, मग खोक्यातल्या खडूंत मिसळला असता तर ओळखू आला नसता इतका पांढरा पडला. छातीत कुणीतरी टाइपरायटर बडवायला बसलं होतं.

"हे सरावाचंच ना?" पीटीच्या सरांनी विचारलं.

"अर्थातच," हेडक्लार्क म्हणाले आणि खुर्चीत बसले.

इन्स्पेक्टर स्टुलावरून उतरली. ती किंचाळली नाही की रडली नाही. "बाई, किती वाजले ते लिहा. अकरा वीस. सर, तुमची गाडी काढा. बोटात गेलं की बोटाचा रक्तपुरवठा थांबतो, लगेच दवाखान्यात जायचं. ते वापरलेलं पेनही बरोबर घ्या, डॉक्टरांना दाखवायला. माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर दिलंय सगळं."

"शेवटच्या पानावर?" हेडक्लार्कनी क्षीण आवाजात विचारलं.

"फाइल करताना तू पंच केलंस ना, ते भोक त्याच ओळीवर पडलंय."

दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाई कागद पुढे ओढून बसल्या.

"कशाची ॲलर्जी?"

"मला नाही. हिला."

"हिने काय खाल्लं?"

"काही नाही."

"मग इंजेक्शन?"

"मी घेतलं."

"कोणी दिलं?"

"मीच."

"कशासाठी?"

"शिकवत होतो."

"काय?"

"कसं द्यायचं ते."

डॉक्टरीणबाईंना एकदम खोकला आला, आणि त्या पाठ फिरवून बराच वेळ खोकल्या. मग त्यांनी हेडक्लार्कचा हात कोमट पाण्याच्या पातेल्यात ठेवायला लावला, नाडी बघितली आणि चार तास हलायचं नाही म्हणून सांगितलं. औषधाने हेडक्लार्कचे हात थरथरत होते आणि जीभ सुटली होती. पीटीच्या सरांना त्यांनी अर्जित रजेचे नियम पहिल्या कलमापासून सांगितले. सर सज्जन गृहस्थ, त्यांनी ऐकले.

मध्येच त्यांचं लक्ष समोरच्या बाकाकडे गेलं. तिथे वर्गबाई आणि इन्स्पेक्टर शेजारी शेजारी बसल्या होत्या. बाईंच्या हातात खरोखरचं सरावाचं पेन होतं.

"नुसत्या गांधी उठल्या तर गोळी द्यायची आणि माझ्यावर नजर ठेवायची," इन्स्पेक्टर सांगत होती. "पण घसा आवळला, आवाज बसला, श्वास लागला, किंवा गांधी आणि उलटी असं दोन्ही एकदम झालं, तर पेन. आधी पेन, मग फोन. मला आडवं करायचं, उठून चालू द्यायचं नाही. आणि बरं वाटलं तरी दवाखान्यात न्यायचंच."

"आणि मला नक्की कळलंच नाही तर? तुला उगाचच दिलं गेलं तर?"

"तर एक पेन वाया जाईल," इन्स्पेक्टर म्हणाली. "पण वाट बघत बसलात तर मी जाईन."

हेडक्लार्क रजेच्या अकराव्या कलमावर होते, ते तिथेच थांबले. दहा वर्षांच्या पोरीने हे इतक्या सरळ आवाजात सांगावं, जसं काही शाळेचं वेळापत्रक सांगतेय. आपण बारा मुद्दे लिहिले आणि त्यात हा एक नव्हता. त्यांना लाज वाटली, अभिमानही वाटला, आणि डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी औषधाच्या नावावर खपवलं.

बाईंनी पेन मुठीत धरलं. अंगठा कुठेच नव्हता. टोपण वर ओढलं आणि केशरी टोक पीटीच्या सरांच्या मांडीवर दाबलं. टक्. पुन्हा एकदा. टक्. सरांनी तेवढ्यात दुसरीही मांडी पुढे केली.

दुकानातून निघालेली बायको धापा टाकत आली. तिने आधी पातेल्यात डोकावून अंगठा बघितला.

"आहे ना जागेवर?"

"अंगठ्याचं जाऊ दे," हेडक्लार्क म्हणाले. "एक पेन गेलं. दोन असल्याशिवाय तिला नेणार नाहीत. परवा बस आहे. पोरीचं शिबिर पुन्हा बुडणार, तेही माझ्यामुळे..."

बायकोने पर्स उघडली आणि एक कोरी नळी टेबलावर ठेवली. "मंगळवारीच मागवलं. आज आलं."

"मंगळवारी? तेव्हा तर काहीच झालं नव्हतं."

"चोवीस वर्षं हातात पेन आहे म्हणालात ना? तेव्हाच फोन केला."

तिसऱ्या तासाला अंगठा पुन्हा गुलाबी झाला. डॉक्टरीणबाईंनी तो दाबून बघितला, पसंत केला आणि त्यावर बँडेज गुंडाळलं. बाईंनी बॅगेतून शिबिराचा फॉर्म काढला. आजच शेवटची तारीख होती आणि आईवडील दोघांच्याही सह्या हव्या होत्या. बायकोने सही केली. हेडक्लार्कनी पेन घेतलं (लिहायचं, पीटीच्या सरांनी आधी खात्री करून घेतली), पण बँडेज आणि थरथर मिळून कागदावर जे उमटलं ते बाईंनी आडवं धरून बघितलं, उभं धरून बघितलं आणि मान हलवली.

"शाळेच्या रजिस्टरमधल्या सहीशी जुळणार नाही. डावा अंगठा दिलात तरी चालेल."

नर्सच्या टेबलावरून शाईचं पॅड आलं. ऑफिसात अंगठेबहाद्दर माणूस आला की हेडक्लार्क चष्म्यावरून त्याच्याकडे कसे बघतात, ते बायकोला चांगलं ठाऊक होतं. तिने शहाणपणाने खिडकीबाहेर बघितलं. एरवी हेडक्लार्क तीनदा वाचल्याशिवाय पोस्टमनच्या कागदावरसुद्धा सही करत नाहीत. पण आज पोरगी शिबिराला निघाली होती आणि त्यांचा ऊर भरून आला होता. त्यांनी अंगठा पॅडवर घोळवला आणि बाईंनी दाखवलेल्या चौकोनात, योग्य त्या जागी योग्य तो दाब देऊन उमटवला.

मग शाई वाळेपर्यंत हातात काही काम नाही म्हणून त्यांनी फॉर्म वाचायला घेतला. मजकूर इन्स्पेक्टरच्या टपोऱ्या अक्षरात भरलेला होता. 'विद्यार्थिनीला कशाची ॲलर्जी आहे' यापुढे लिहिलं होतं, शेंगदाणे. 'शिबिराच्या काळात कशापासून लांब ठेवावे' यापुढे दोन नोंदी होत्या. एक, शेंगदाणे. दोन, बाबा.

त्याखाली छापलेलं होतं, 'वरील मजकूर मी स्वतः वाचला असून तो मला पूर्णपणे मान्य आहे', आणि त्याच्या शेजारी हेडक्लार्कचा डावा अंगठा चांगला ठसठशीत उठला होता.