सतरा बंदरांचा कॅप्टन

भिंतीवर खिळा होता, फोटो नव्हता, आणि आई रोज सकाळी त्या खिळ्यावरची धूळ पुसायची. अकरा महिने हे चाललं होतं. समोर बसलेल्या चिरंजीवांचं बिस्कीट तेवढ्यात हमखास तुटून चहात पडायचं.

चिरंजीव म्हणजे बेचाळीस वर्षांचे, टक्कल पडू लागलेले गृहस्थ. बसडेपोत हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर बसायचे. लोकांनी विसरलेल्या छत्र्या, डबे, एकदा तर चक्क कवळी, सगळं नोंदवून ठेवायचं आणि नव्वद दिवसांत कोणी आलं नाही की विकून टाकायचं, हे त्यांचं काम. "माणसं इतकी वेंधळी कशी असतात कोण जाणे," हे रोज जेवताना ठरलेलं वाक्य. आणि याच गृहस्थांनी स्वतःच्या वडिलांचा फोटो काच बदलायला म्हणून फ्रेमवाल्याकडे टाकला आणि साफ विसरले. आठवण झाली तेव्हा इतके दिवस लोटले होते की जायची लाज वाटू लागली. आईला सांगून ठेवलं, "खास काच आहे गं, बाहेरून यायचीय."

बाबांना जाऊन चौदा महिने झाले होते. ते पाणीखात्यात मीटर वाचायचे. फोटोचं त्यांना भारी वावडं. घरातल्या बाकी सगळ्या फोटोंत त्यांचा एक कान नाहीतर अर्धा खांदा. पूर्ण चेहऱ्याचा, आणि तोही हसरा, असा हा एकच. त्याच्या मागच्या बाजूला त्यांनी पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं होतं आणि आईनं वाचायच्या आत तो फ्रेममध्ये घालून मोकळे झाले होते. काच फुटली तेव्हा आई म्हणाली होती, "थांब रे, आधी मागचं वाचू दे." "नवी काच बसल्यावर वाच की," म्हणत चिरंजीव घाईघाईत फोटो घेऊन गेले होते.

मग एक दिवस आई डोळे तपासून आली. खिळा पुसता पुसता म्हणाली, "डॉक्टर म्हणतात, वर्षभरात अक्षर दिसेनासं होईल. तेवढं यांनी काय लिहिलंय ते वाचून घेतलं असतं मी."

त्या दिवशी बिस्कीट पडायची वाटसुद्धा न बघता चिरंजीव उठले आणि तडक फ्रेमवाल्याकडे गेले.

"सहा महिन्यांत न नेलेल्या फ्रेमची जबाबदारी आमची नाही," फ्रेमवाला म्हणाला. "पाटी वाचा."

पाटीत खोट काढायला जागा नव्हती. तसलीच पाटी डोक्यावर लावून चिरंजीव रोज बसत.

"पण दिलात कोणाला?"

"कोपऱ्यावर तो नवा बार झालाय ना, 'दिवाणखाना'. जुन्या घरासारखा सजवलाय. त्यांना भिंतीवर लावायला म्हातारी माणसं हवी होती. चाळीस नेली."

दिवाणखान्यात आरामखुर्च्या होत्या, बंद पडलेली घड्याळं होती, आणि काउंटरच्या वर, रबरी फुग्याच्या पितळी भोंग्याशेजारी, स्वतंत्र दिव्याखाली बाबा हसत होते. मेन्यूच्या पहिल्याच पानावर त्यांची हकीकत छापलेली. हे आमचे संस्थापक, कॅप्टन. सतरा बंदरांचं पाणी प्यालेले, वादळात एका हातानं सुकाणू आणि दुसऱ्या हातानं ग्लास सांभाळणारे. बाबा सहलीला तळ्यावर गेले तरी होडीत बसत नसत, काठावर सगळ्यांच्या चपला सांभाळत. दारूचं म्हणाल तर खोकल्याचं औषधही ते वास घेऊन घेत.

"ते माझे वडील आहेत," चिरंजीवांनी मॅनेजरला सांगितलं.

"या महिन्यातले तुम्ही तिसरे, साहेब," मॅनेजर सहानुभूतीनं म्हणाला. "दोन ग्लास झाले की कॅप्टन सगळ्यांचेच वडील होतात. काय आणू?"

दुसऱ्या दिवशी चिरंजीव बाबांचं ओळखपत्र घेऊन गेले. मॅनेजरनं ते दिव्याशी धरून बघितलं. "हे गृहस्थ चिडलेले दिसतात, साहेब. आमचे कॅप्टन हसतायत." चिरंजीवांनी ओळखपत्र परत खिशात घातलं, कारण बाबांना हसताना त्यांनीही फारसं पाहिलं नव्हतं. हे तिथे बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं आणि फार वाईट वाटलं.

मग ते रोजच जाऊ लागले. आज धीर करू, उद्या धीर करू. नुसतं बसू देत नाहीत म्हणून 'कॅप्टन स्पेशल' मागवायचे. बरोबर सातला मॅनेजर भोंगा वाजवायचा, सगळं गिऱ्हाईक उभं राहायचं आणि ग्लास उंचावून म्हणायचं, "कॅप्टनच्या नावानं." बाबांच्या निवृत्तीच्या निरोप समारंभाला नऊ माणसं होती, त्यांतली दोन खोली चुकून आलेली. चिरंजीव सगळ्यांत आधी उभे राहायचे आणि सगळ्यांत शेवटी बसायचे.

'कॅप्टन स्पेशल'मध्ये 'दिवाणखाना' असं छापलेली एक इवलीशी कागदी छत्री असायची. छत्री म्हटल्यावर चिरंजीवांचा हात सवयीनं ती खिशात टाकायचा. दहाव्या दिवशी सूनबाईंनी कपडे धुवायला काढले आणि नऊ छत्र्या टेबलावर ओळीनं मांडल्या.

"आई, बघा तुमच्या मुलाचे प्रताप," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, तोंडाला वास येतो तो दाढीच्या लोशनचा."

आईनं छत्र्या मोजल्या. काठी घेतली. "चल, बघू काय करतो तो तिथं."

इकडे चिरंजीवांनी अखेर धीर केला होता. बाबांच्या जागी टांगायला बगलेत त्याच मापाच्या फ्रेममध्ये कोणीतरी दुसरे आजोबा होते. मॅनेजर आत गेल्याचं बघून ते काउंटरजवळच्या उंच स्टुलावर चढले. ते स्टूल फिरतं होतं. चिरंजीव एकदा बाबांसमोरून गेले, पुन्हा फिरून बाबांसमोर आले, आणि पडता पडता हाताला लागला तो भोंगा त्यांनी घट्ट दाबून धरला.

सात वाजायला वीस मिनिटं होती. पण भोंगा वाजला म्हणजे वाजला. सगळा दिवाणखाना उभा राहिला, ग्लास वर गेले, "कॅप्टनच्या नावानं." नेमक्या त्याच वेळी दारातून आई आणि सूनबाई आत आल्या.

आईनं आधी भोंग्याला लटकलेला मुलगा बघितला. मग भिंत बघितली. मग ती काठी टेकत काउंटरपर्यंत आली.

"काच आली वाटतं बाहेरून," ती म्हणाली.

चिरंजीव खाली उतरले आणि सगळ्या बारसमोर लहान मुलासारखे रडले. "विसरलो गं मी. बाबांना विसरून आलो."

मॅनेजर धावत आला. आई त्याला म्हणाली, "तो फोटो काढून मागचा पुठ्ठा उघडा. वर तारीख असेल, मग वेळ, खाली शेरा, मीटरच्या वहीत असतो तसा. नसलं तर फोटो तुमचा. जन्मभर यांनी दुसरं काही लिहिलं नाही."

मॅनेजरनं खिळे उचकटले. पेन्सिलीचं अक्षर पुसट झालं होतं. तो वाचायला गेला तर आई म्हणाली, "मी वाचते." तिनं फोटो कॅप्टनच्या दिव्याखाली नेला, पार नाकाशी धरला. सगळे ग्लास धरून तसेच उभे.

"तारीख आहे," ती म्हणाली. "सायंकाळी पाच दहा. शेरा: हिने हसवलं."

तिनं ते पुन्हा एकदा मनात वाचलं. "पंचेचाळीस वर्षं शेजारी बसले. तोंडानं सांगायला काय झालं होतं यांना," म्हणाली आणि स्टुलावर बसून रडली. सूनबाईंनी स्टूल फिरू नये म्हणून ते दोन्ही हातांनी धरून ठेवलं.

मॅनेजर शरमला होता. "आजी, फोटो घरी न्या. ती गोष्टही मेन्यूतून काढतो."

"प्रत काढून लावा इथं. गोष्टही असू दे," आई डोळे पुसत म्हणाली. "लोकांचं पाणी मोजण्यात जन्म गेला त्यांचा. फिरू देत आता." मग थोड्या वेळानं तिनं विचारलं, "सतरा बंदरं म्हणता. बायको होती का बरोबर?"

मॅनेजरनं मेन्यूकडे बघितलं, मग तिच्याकडे. "होती आजी. लिहायचं राहून गेलं."

आता घरातल्या खिळ्यावर तो फोटो उलटा लावलेला असतो, अक्षर बाहेर आणि चेहरा भिंतीकडे. चेहरा बघायला दर गुरुवारी सातला आई दिवाणखान्यात जाते, लिंबूपाणी घेते आणि सगळ्यांबरोबर उभी राहते. चिरंजीवांनाही लिंबूपाणीच, सूनबाईंची तशी सक्त ताकीद आहे. आईला आता मेन्यू वाचता येत नाही, म्हणून नवी छापलेली शेवटची ओळ चिरंजीव वाचून दाखवतात: "प्रत्येक बंदरावर कॅप्टनना हसवायला त्यांच्या पत्नी बरोबर होत्या."

"पुन्हा वाच," आई म्हणते.