आम्रपाली 'नाही' म्हणाली

परक्या संस्कृतीशी जुळवून घ्यायला शिकवणारा माझ्यासारखा माणूस अख्ख्या पुण्यात सापडायचा नाही! स्वतः मी लोणी काळभोरच्या पलीकडे फारसा गेलेलो नाही, पण खराडीतल्या कंपन्यांनी ते कधी विचारलं नाही.

वर्ध्याची आम्रपाली मोठी हुशार. जर्मनीला जायला तिची निवड जवळजवळ पक्की. घरात पासपोर्ट काढलेली पहिलीच! सकाळच्या वर्गात मी तिला बजावलं, "तिकडे गुळमुळीत बोलायचं नाही. जमणार नसेल तर सरळ 'नाही' म्हणायचं. घरचं कुणी विचारलं, तर 'ते खासगी आहे'."

"साहेबांना तोंडावर 'नाही' म्हणायचं जी?"

"तोंडावरच!"

त्याच दुपारी तिचे नवे जर्मन साहेब योर्ग माझ्या दुसऱ्या वर्गात. त्यांना सांगितलं, "इथे साहेबाला तोंडावर कुणी 'नाही' म्हणत नाही. म्हणालंच, तर समजा, नोकरी सोडायच्या बेतात आहे. आधी घरची चौकशी करा, माणूस विरघळतो!" दोघांनीही मन लावून लिहून घेतलं.

सोमवारी मीटिंग. मी मागे बसून कौतुकाने बघतोय.

"शुक्रवारपर्यंत काम होईल?" योर्गनी विचारलं.

"नाही."

साहेब चरकले. "तुमच्या आई कशा आहेत?"

"ते खासगी आहे."

साहेबांचा चेहरा उतरला. "दुसरीकडे नोकरी मिळाली आहे का?"

"नाही!"

हे तिसरं उत्तर ऐकून तर त्यांची खात्रीच पटली.

मी तिथेच उठून बोलायला हवं होतं. पण मग चूक कुणाची निघाली असती? मी वहीत डोकं घातलं. लाज वाटली, पण ती कुणाला ऐकू जाईल इतकी वाटली नाही.

जर्मनीला तिच्याच टीममधला अभिनव गेला. माझ्या वर्गाकडे एकदाही न फिरकलेला! शुक्रवारच्या कामाला "होऊन जाईल सर" म्हणाला होता. झालं नाही, तो भाग वेगळा.

आणि आम्रपालीला 'जुळवून घेण्यात कमी पडते' असा शेरा मारून पुन्हा माझ्याच वर्गात पाठवलं. पहिल्या रांगेत बसली, मान खाली घालून लिहीत राहिली. वर्ग सुटल्यावर मी धीर करून विचारलं, "माझ्यावर रागावली नाहीस ना?"

"छे हो सर! त्यात काय रागवायचं!"

इतकं गोड हसली, की योर्गसाहेबांनासुद्धा ते खरं वाटलं असतं. मी पडलो या विषयातला तज्ज्ञ. त्या 'छे'चा अर्थ मला बरोबर कळला.